‘झोकात’ या शब्दाचा घोटाळा

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगाला लागते तेवढी मोकळी जमीन सध्या या खोलीत नाही. सगळीकडे स्वरलिपीचे कागद पसरले आहेत आणि त्यांतल्याच एकावर पाय पडून आई परवा घसरता घसरता वाचली. तेव्हा नमस्कार मनातल्या मनात, पण पूर्ण लांबीचा समजावा.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? आणि कवळी? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की कवळी जेवताना गुमान बसते, पण क्लॅरिनेट तोंडात धरलं की उठून उभी राहते, म्हणून तुम्ही क्लॅरिनेट पुसून, तेल लावून, पेटीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिलंत. ते वाचून मला फार वाईट वाटलं. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, तेल जास्त लावलं नाही म्हणजे मिळवली, आणि पियानोच्या शिकवणीला निघून गेली. तिची तब्येत उत्तम आहे. शिकवणीची मुलं तिला अजून तितकीच घाबरतात.

पत्राचं कारण आधीच सांगून टाकते, कारण मी मध्येच भरकटते हे तुम्ही जाणताच. मी लिहिलेल्या एका रचनेचा मधला भाग कापला जाण्याच्या बेतात आहे. तो वाचवायचा तर जॅझमधल्या एका गोष्टीचा उलगडा व्हायला हवा, आणि ती गोष्ट आपल्या नात्यागोत्यात तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. बाकीचं सगळं तपशील म्हणून वाचावं.

झालं असं, की इथल्या चेंबर संगीत मंडळानं मला एकट्या क्लॅरिनेटसाठी काहीतरी लिहून द्यायला सांगितलं. (चेंबर म्हणजे खोली, म्हणजे खोलीत मावेल असं संगीत. मंडळाकडे स्वतःची खोली नाही, म्हणून कार्यक्रम वाचनालयात होतात आणि वाजवणाऱ्याच्या बरोबर डोक्यावर ‘शांतता राखा’ अशी पाटी लटकत असते. ती काढा म्हणून सांगायची कुणाची प्राज्ञा नाही, कारण मंडळ तिथं पाहुणं आहे.) मंडळाचे चिटणीस दंतवैद्य आहेत. माणूस सज्जन, पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघतात, त्यामुळे त्यांच्यापुढे सगळे ओठ मिटून बोलतात आणि मंडळाच्या बैठका फार लवकर आटोपतात. त्यांनी अट एकच घातली, की रचना अभिजात वळणाची असावी. मी हो म्हटलं. इतकी वर्षं संगीतशाळेत दुसऱ्यांच्या रचनांवर तांबडी पेन्सिल चालवत आले, आणि माझं स्वतःचं काही चारचौघांसमोर वाजण्याची ही पहिलीच वेळ. दंतवैद्यांनी त्या वेळी अक्कलदाढ काढून द्यायला सांगितली असती तरी मी हो म्हटलं असतं.

पहिला आणि तिसरा भाग सुतासारखा सरळ लिहिला. मधल्यापाशी आले आणि मामा, मला तुमची मागची खोली आठवली. मी लहान असताना तुम्ही तिथं सराव करायचात. आई घरात असली की धडा छापल्यासारखा यायचा. ती चपला घालून बाहेर पडली की तोच धडा, तेच स्वर, पण आरामखुर्चीत रेलून बसल्यासारखे वाजायचे. मी भिंतीला कान लावून बसायची. त्याला जॅझ म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आई बाहेर गेली की संगीताला बरं वाटतं. तर मधला भाग मी त्या आवाजावर लिहिला आहे. खरं सांगायचं तर त्या अख्ख्या रचनेत मला मनापासून आवडतं ते तेवढंच. बाकीचं मी परीक्षेला बसल्यासारखं लिहिलं आहे.

आता लिहायचं कसं हा प्रश्न. एका ठोक्यात दोन स्वर येतात. कागदावर दोघंही सख्ख्या भावांसारखे सारखे. पण तुमच्याकडे पहिला ऐसपैस बसायचा आणि दुसरा उशिरा येऊन उरलेल्या जागेत अंग चोरून बसायचा. किती ऐसपैस आणि किती उशिरा, हे लिहायला गेलं की पंचाईत. पहिल्याला दुप्पट जागा दिली तर गाणं लंगडतं. तिप्पट दिली तर लष्करी कवायत सुरू होते. खरी जागा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे आणि ती तिथंसुद्धा एका ठिकाणी थांबत नाही. (अशी कशी थांबत नाही? वाजवताना तुम्ही ती ठरवता की ती तुम्हाला ठरवते? याचं उत्तर सवडीनं द्यावं.) शेवटी मी स्वर सरळच लिहिले आणि वर शब्दात सूचना दिली. इटालियनमध्ये सूचना लिहायचं मी सोडून दिलं आहे, कारण ते मला येत नाही, वाजवणाऱ्याला येत नाही आणि ऐकणाऱ्याला दिसत नाही. म्हणून पहिल्या भागावर ‘सावकाश, पण मरगळ नको’, तिसऱ्यावर ‘चपळाईनं’, आणि मधल्यावर ‘झोकात’. झोका, हेलकावा, तुमचं ते स्विंग, सगळं एका शब्दात बसलं म्हणून मी दिवसभर स्वतःवर खूश होते. आणि तिथंच माशी शिंकली.

वाजवणारे गृहस्थ म्हणजे नगर वाद्यवृंदातले पहिले क्लॅरिनेटवाले. आम्ही त्यांना मागे गंभीरराव म्हणतो (आणि पुढे काहीच म्हणत नाही, कारण हिंमत होत नाही). कागदावर लिहिलेलं तंतोतंत करायचं, कमी नाही की जास्त नाही, असा त्यांचा बाणा. पहिल्या तालमीला ते नवा कोट घालून, खिशात रुमालाचं टोक बाहेर काढून, केस चापून बसवून आले. मधला भाग आला तेव्हा उभे राहिले, छाती काढली, क्लॅरिनेटचं तोंड छताकडे केलं आणि एका भुवईनं मला सलामी देऊन वाजवायला लागले. स्वर मात्र विटा रचल्यासारखे सरळ. मी चक्रावले. मग डोक्यात प्रकाश पडला. झोकात म्हणजे ऐटीत. कुणालाही विचारा, झोकात म्हणजे ऐटीतच. माझ्याखेरीज जगात कुणाच्या डोक्यात झोकात म्हटल्यावर झोका येत नाही.

मी नम्रपणे सांगितलं की तो झोक नव्हे, झोका. पुढे, मागे. त्यांनी मान डोलावली, पेन्सिलीनं ‘झोका’ असं लिहून घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ते स्वतः कमरेपासून डावी-उजवीकडे हलत होते, स्वर जागच्या जागी. चौथ्या-पाचव्या हेलकाव्याला कोपर लागून कागदाचं स्टँड आडवं झालं. मी म्हटलं, शरीराचा नव्हे, सुरांचा थोडा झोक जाऊ द्या. झोक जाणं म्हणजे तोल जाणं, हे मला बोलून झाल्यावर सुचलं. त्यांनी फार गांभीर्यानं विचारलं की या भागातला मनुष्य प्यायलेला आहे का, आणि असल्यास किती, म्हणजे तेवढंच वाजवता येईल. माझं उत्तर यायच्या आत त्यांनी अंदाजानं वाजवून दाखवलं. मामा, त्या सुरांनी अशा झोकांड्या खाल्ल्या की मी खुर्चीचा हात धरून बसले. शेवटी थकून मी म्हणाले, काही ठरवू नका, स्वतःला झोकून द्या. आता हा वाक्प्रचार मी वापरायला नको होता. त्यांनी डोळे मिटले आणि छातीत होती नव्हती ती हवा फुंकली. रीडची पातळ वेतपट्टी मधोमध चिरली आणि असा चीत्कार निघाला की खालच्या मजल्यावरचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावत वर आला आणि कोण पडलं म्हणून विचारू लागला.

शिंप्याचं आलं तर सांगूनच टाकते. त्याच्याकडे पायानं चालवायचं जुनं मशीन आहे. त्या दिवशी तालीम आटोपून जिना उतरताना मी थबकले, कारण ते मशीन अगदी तुमच्यासारखं वाजत होतं. एक ठोका रेंगाळलेला, दुसरा मागून लगबगीनं आलेला, आणि तरीही शिवण सरळ. मी दाराशी उभी राहून बराच वेळ ऐकलं, तोंडानं म्हणून पाहिलं, शिंप्याच्या पायाकडे टक लावून पाहिलं. (तुम्ही मला चौकशीखिडकी म्हणायचात ते उगाच नाही.) दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन गेले तर मशीन गुळगुळीत एकसारखं चालत होतं. मी कुरकुरीची तक्रार करायला उभी होते असं समजून त्या भल्या माणसानं त्याला तेल घातलं होतं. माझा चेहरा पडलेला पाहून त्यानं आणखी थोडं घातलं.

पण त्यामुळे एक विचार मनात शिरला तो शिरलाच. मशीनचा रेंगाळलेला ठोका गोड लागत होता, कारण खाली शिंप्याचा पाय नेमानं पडत होता. म्हणजे कुणीतरी नेमानं चालावं लागतं, तेव्हाच दुसऱ्याला उशिरा येता येतं. तुमच्या बँडमध्ये ढोल होता, पियानो होता. माझं क्लॅरिनेट एकटं. मग झोका टांगायचा कशाला? मी गंभीररावांना विनंती केली की पाय वाजवून पाहा. त्यांनी आयुष्यात पाय वाजवला नव्हता. त्यांच्या गुरुजींनी लहानपणीच ती खोड बुटाच्या आतच मोडली होती. तरीही त्यांनी प्रयत्न केला. तर पाय सुरांबरोबरच लंगडायला लागला. सूर उशिरा आला की पायही उशिरा, अगदी एकमतानं. मी म्हटलं, पायानं ऐकायचं नाही. ते म्हणाले की पाय त्यांचाच असल्यामुळे त्याला ऐकू येतंच.

एवढं होऊनही आम्ही हातपाय गाळले नाहीत आणि मंडळाच्या समितीपुढे रचना वाजवली. पहिला भाग छान गेला. तिसराही गेला. मधल्या भागात गंभीरराव घामाघूम होऊन प्रत्येक दुसरा स्वर उशिरा आणत होते, आणि समितीला वाटलं, बिचाऱ्यांची तयारी कमी पडली. एका बाईंनी तसं बोलूनही दाखवलं. गंभीरराव नुसतं क्लॅरिनेट पुसत बसले, पुसून झालं तरी पुसत बसले. त्या माणसाला आजवर कुणी कच्चं म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं ते माझ्या एका शब्दापायी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिटणिसांनी मात्र त्यांच्या धंद्याला शोभेल असा निकाल दिला. म्हणाले, "बाजूचे दोन्ही घट्ट आहेत. मधला हलतोय. मधला काढून टाकू." कार्यक्रम पुढच्या महिन्याच्या शेवटी आहे. त्याआधी एकदा ते पुन्हा ऐकणार आहेत, आणि तेव्हाही हलला तर उपटणार आहेत.

मी घरी आले आणि आईसमोर रडले, हे तुम्हाला म्हणून सांगते. आईनं नेहमीसारखं, मी म्हटलं होतं, असं म्हटलं नाही. तुमच्या वाजवण्याचा विषय निघाला की ती गप्पच असते. तुमच्यात भांडण नाही, हे तुम्ही दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं आहे. फक्त एकदा तुम्ही दोघं एकत्र वाजवायला बसलात, मध्येच तिनं पियानोचं झाकण लावलं, आणि नंतर तुम्ही नाचघरातल्या बँडबरोबर गावोगाव हिंडलात. (तिचं म्हणणं, तुम्ही सबंध वेळ तिच्या मागे राहिलात. तुमचं म्हणणं, ती सबंध वेळ तुमच्या पुढे पळाली. मी दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या आहेत आणि दोन्ही एकच आहेत.) तेव्हापासून तुम्ही एकमेकांना पत्रात हवा-पाणी कळवता आणि संगीताचं नाव काढत नाही. दोन वाजवणारी माणसं इतकी वर्षं फक्त पावसापाण्यावर कशी काय बोलतात, याचंही मला कुतूहल आहे, पण ते आज राहू दे.

तर माझा प्रश्न एवढाच. एकट्यानं वाजवताना तो नेमाचा ठोका तुम्ही कुठे ठेवायचात? मागच्या खोलीत तुमच्याबरोबर ढोल नव्हता की पियानो नव्हता, तरी मला भिंतीपलीकडे तो ऐकू यायचा. तो तुमच्या पायात होता, श्वासात होता, की मी इकडे मान हलवत होते ती माझ्या मानेत होता? तसं असेल तर तो ऐकणाऱ्यांकडून घ्यायचा असतो असं म्हणावं लागेल, आणि आमचे ऐकणारे ‘शांतता राखा’ या पाटीकडे बघत बसलेले असतात. त्यांच्याकडून ठोका कसा काढायचा, हे कृपा करून खुलासेवार कळवावं. समजेल असं लिहा. चित्र काढलंत तरी चालेल.

बाकी इकडे क्षेम आहे. गुडघ्याला ऊब द्या, जिना सावकाश उतरा, आणि माझ्या बडबडीचा कंटाळा आला असेल तर पत्र मधूनच वाचा, कारण मधलं तेच महत्त्वाचं आहे.

तुमची,
चौकशीखिडकी

ता. क. : वरचं सगळं लिहून झाल्यावर वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. मला खुलासा नको आहे. तुम्ही या आणि मधला भाग तुम्ही वाजवा. हे मी गंभीररावांना कसं सांगावं या विवंचनेत होते. काल धीर करून सांगितलं, आता हे वाद्य माझ्या डोक्यात हाणतात की काय अशा तयारीनं. त्यांनी वाद्य सावकाश पेटीत ठेवलं. मग म्हणाले, "मला ते येत नाही. पण ज्याला येतं त्याच्या शेजारी बसून मला ते बघायचं आहे." पहिला आणि तिसरा भाग ते वाजवतील. मधल्याच्या वेळी उठून खुर्ची तुम्हाला देतील आणि स्वतः बाजूला उभे राहतील. त्यांना तुमच्या पायाजवळची जागा हवी आहे.

आणखी एक : कवळीची सबब चालणार नाही. चिटणिसांच्या कानावर मी सहज घातलं, की एका वयस्कर क्लॅरिनेटवाल्याची कवळी वाजवताना उठते. मामा, त्या माणसाचा चेहरा उजळला. मधला भाग, समिती, अभिजात वळण, सगळं विसरले. म्हणाले, वरचा ओठही दातांवर दुमडून घ्या, जुने काही वाजवणारे तसंच धरायचे, आणि कवळी बसवून द्यायचं माझ्याकडे लागलं. तुमचा जबडा बघायला ते इतके उतावीळ झाले आहेत, की तुम्ही येईपर्यंत मधल्या भागाला हात लावणार नाहीत असा त्यांनी शब्द दिला आहे. माझी कला वाचली ती तुमच्या हिरड्यांमुळे. आईला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही, तुम्हीही कळवू नका. ती कार्यक्रमाला येईल तेव्हा बघू. टपालपेटी तिच्या शिकवणीच्या वाटेवर आहे, तेव्हा पाकीट तिच्याच हाती देते.

---

चि. भावास आशीर्वाद. पाकीट चिकटवलेलं नव्हतं म्हणून वाचलं. चिकटवलेलं असतं तरी वाचलं असतं. तिचं लिहिणं फार पसरट आहे, मनावर घेऊ नकोस. ती शाळेत गेली की तिचा तो मधला भाग मी पियानोवर वाजवून बघते. मेट्रोनोमचे ठोके लावून वाजवला, आला नाही. मग मेट्रोनोम बंद केला आणि वाजवला. एके ठिकाणी आल्यासारखा वाटला, पण तो बरोबर आला की चूक, हे सांगायला घरात कुणी नव्हतं. कार्यक्रमाच्या आधी चार दिवस ये. वाचनालयात त्यांच्यापुढे नंतर वाजव, आधी इथं घरी, मी पियानोवर ठोका धरते. त्या दिवशी तू उशिरा वाजवत होतास की मी लवकर ऐकत होते, एवढंच मला विचारायचं आहे, आणि ते पत्रातून कळणार नाही.